अवजारांचे ग्रंथालय

ग्रंथालयातून पुस्तक न्यावे व वाचून परत करावे, ही रीत आपणांस परिचित आहे. शिडी, करवत, फवारणीचा पंप यांसही ती लागू पडते. अमेरिकेतील बर्कले शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने सन १९७९ पासून घरकामाची व बागकामाची हत्यारे उसनी देण्याचा क्रम चालविला आहे. आपल्याकडेही ही कल्पना अगदी नवी नव्हे. इर्जिक व सावड यांत माणसे व बैल एकमेकांच्या शेतात राबतात. लग्नकार्याची मोठी भांडी कित्येक गावांत सामाईक असतात. सन २०१४-१५ मध्ये केंद्र सरकारने कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू केले, त्यातही अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांस अनुदानाची सोय ठेविली.

तथापि कोणती वस्तू सामाईक ठेवावी, हे प्रथम ठरविले पाहिजे. डहाणू-घोलवडच्या बागांत चिकूची तोडणी वर्षातील पुष्कळ महिने चालते. तेव्हा फळे उतरविण्याचा झेला ज्याचा त्याने बाळगावा. छाटणीची यांत्रिक करवत किंवा खड्डे घेण्याचे यंत्र क्वचित लागते. ते एकट्याने घेणे म्हणजे भांडवल गंजत ठेवणे होय.

तलासरीकडील भातशेतीत प्रश्न निराळा आहे. चिखलणी पावसावर अवलंबून. पाऊस झाला की यंत्र सर्वांस एकदम हवे असते. लावणी लांबून रोप जून झाले म्हणजे फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. अर्थात ज्याची पाळी शेवटची, त्याचा तोटा अधिक. मळणीचे तसे नाही. वाळलेले भात उडवी रचून काही दिवस ठेवता येते; म्हणून एक मळणीयंत्र अनेक घरांत सुखाने फिरू शकते.

असे ग्रंथालय काढणाऱ्या संस्थेने पुढील नियम पाळावे :

१. प्रत्येक अवजारास क्रमांक द्यावा व देवघेवीची वही ठेवावी.

२. अनामत व अल्प भाडे घ्यावे. भाड्याची रक्कम केवळ दुरुस्तीस लावावी.

३. परत येताना अवजार दोघांसमक्ष तपासावे. विलंबास दंड असावा.

४. यंत्र चालविण्याची माहिती असल्याशिवाय ते कोणाच्या हाती देऊ नये.

५. चिखलणीची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी. जमिनीच्या मानाने ठरवू नये.

यांपैकी शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. मोठ्या बागाईतदारास दुसरीकडून भाड्याने यंत्र आणता येते. थोड्या गुंठ्यांच्या धन्यास ती सोय नसते. त्याची पाळी चुकली तर वर्षाचे भात उणे होते, आणि पुढील वर्षी तो वर्गणी देत नाही. म्हणून ज्यांच्याजवळ जमीन अधिक आहे, त्यांनीच हा नियम प्रथम मान्य करावा.