नेटवर्क ड्रायव्हरमधील स्मृती-बफरचे समकालन

नेटवर्क कार्ड आलेले पॅकेट 'डीएमए' पद्धतीने, म्हणजेच प्रक्रियकाच्या मध्यस्थीविना, थेट मुख्य स्मृतीतील बफरमध्ये लिहिते. प्रक्रियक मात्र त्याच पत्त्यावरील जुनी प्रत आपल्या कॅशमधून वाचण्याचा धोका असतो. म्हणून लिनक्समध्ये बफरची मालकी एका वेळी एकाकडेच मानली जाते. पॅकेट वाचण्यापूर्वी ड्रायव्हर 'डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू' या फलनाने ती प्रक्रियकाकडे घेतो आणि 'डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस' या फलनाने कार्डाकडे परत देतो.

एक्स-८६ संगणकांत कॅशची सुसंगती सामान्यतः हार्डवेअरच राखते. त्यामुळे ही फलने वगळल्याचा दोष तेथे बहुधा झाकला जातो. अनेक एआरएम यंत्रांवर मात्र तोच ड्रायव्हर शिळी माहिती वाचू शकतो. यास्तव बुलढाणा जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही विद्यार्थ्यांच्या ड्रायव्हर प्रकल्पांची चाचणी दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर घेणे इष्ट ठरेल.