सरड्याचे बिऱ्हाड

गिरगावातील जुन्या चाळीत दिवेलागण झाली, की भिंतीवरील पाल आपल्या जागी हजर होते. दिव्याभोवती जमणारे किडे हे तिचे अन्न. दिवसा ती तसबिरीमागे किंवा फडताळाच्या फटीत दडून राहते. ऊब, आडोसा व अन्न यांची निवड ती स्वतःच करते. पाळलेल्या सरड्याला मात्र अशी निवड करता येत नाही. त्याला पेटीत ठेवले, की ती पेटी हेच त्याचे सारे जग होते.

माणसाचे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करून कायम उबदार राहते. सरड्याचे तसे नाही. तो सकाळी कुंपणावर उन्हात बसतो, तो काही आळसाने नव्हे. ऊब मिळाल्यावाचून त्याला चपळपणे धावता येत नाही व खाल्लेले अन्नही नीट पचत नाही. अंग पुरेसे तापले, की तो सावलीत जातो.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील दाढीवाला सरडा हल्ली काही घरांतून पाळला जातो. पूर्ण वाढलेल्या अशा सरड्याला निदान ४ फूट लांब व २ फूट रुंद पेटी लागते. तिच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा लावून त्याखालील दगडावर सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास असावे. दोन्हीकडे तापमापक व लपण्यास आडोसा असावा. मग केव्हा कोठे बसावे, हे सरडाच ठरवितो.

परंतु नुसती ऊब पुरेशी नसते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे सरड्याच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते व त्यामुळे अन्नातील कॅल्शियम हाडांना मिळते. खिडकीची काच नेमके हेच किरण अडविते. काचेतून ऊन येते असे पाहून पाळणारा निश्चिंत राहतो आणि इकडे मुक्या प्राण्याची हाडे मऊ होऊन वाकतात! म्हणून अतिनील किरणांचा खास दिवा रोज १० ते १२ तास लावावा व रात्री विझवावा. काही महिन्यांनी त्याचा उजेड तसाच दिसला, तरी किरण क्षीण होतात. तेव्हा तो वेळीच बदलावा.

गिरगाव समुद्रकाठी असल्याने पावसाळ्यात तेथील हवा फार दमट असते. कोरड्या मुलखातील या प्राण्याला ती मानवत नाही. पेटीला वरून जाळी असावी, तळाचा कागद वरचेवर बदलावा आणि विष्ठा रोज काढावी. सरड्याला हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे. त्याच्या अंगावर रोगजंतू असू शकतात.

रानातील घोरपड किंवा शॅमेलिअन सरडा धरून पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. काही परदेशी जातींचीही सरकारी नोंद करावी लागते.

ज्याला एवढी निगा राखणे शक्य नसेल, त्याने भिंतीवरची पालच निरखावी. तिचे बिऱ्हाड तिने स्वतः थाटलेले असते.