हंगामांच्या नोंदी राखणारं यंत्र

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांनी मिळून 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण आणला. दाण्यात लोह आणि जस्त जास्त. असा वाण एका वर्षात हाती येत नाही. फुलोऱ्याचे दिवस मोजा, कणसं तोला, दाणे तपासा, आणि हेच पुढच्या हंगामात पुन्हा. बी जपून ठेवता येतं; पण 2015 च्या दुष्काळात एखादं बी कसं तगलं याची नोंद गेली, तर तो दुष्काळ परत मागवता येत नाही.

अशा नोंदी पेनड्राइव्हवर फिरू नयेत म्हणून फाइल सर्व्हर लागतो. फाइल एकाच जागी राहते, सगळे तीच उघडतात. विंडोजची मशीन्स सर्व्हरशी एसएमबीच्या नियमांनी बोलतात, लिनक्सची बहुधा एनएफएसच्या. या सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा नेमून द्यावा. तो बदलला की पत्त्यावरून जोडलेली फोल्डरं एकाएकी सापडेनाशी होतात आणि दोष बिचाऱ्या डिस्कला लागतो.

वेगाचा हिशेबही असाच फसवतो. नेटवर्क बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे 100 मेगाबिटच्या जुन्या स्विचमधून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. शेताच्या ड्रोन छायाचित्रांची 10 जीबीची फाइल तिथे तेरा-चौदा मिनिटं खाते, गिगाबिट स्विचवर दीड मिनिटाच्या आत येते. नवा सर्व्हर मागण्याआधी स्विच बघावा. तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर, त्यामुळे प्रयोगक्षेत्रावरच्या लांबच्या इमारतीपर्यंत फायबरच न्यावं लागतं.

साठवणुकीत नॅस आणि सॅन यांची गल्लत फार होते. नॅस नेटवर्कवरून तयार फाइल देतं. सॅन सर्व्हरला कोरी डिस्क देतं, तिच्यावर फाइलींची मांडणी सर्व्हरनं करायची. तालुक्याच्या किंवा विभागाच्या कार्यालयाला नॅस पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रेड. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 च्या निबंधात स्वस्त डिस्कांचा संच एकत्र राबवण्याची ही पद्धत मांडली. 4 टीबीच्या चार डिस्का रेड 5 मध्ये लावल्या तर 12 टीबी जागा मिळते आणि एक डिस्क गेली तरी काम चालतं. रेड 6 मध्ये 8 टीबीच मिळते, पण दोन डिस्का गेल्या तरी निभावतं. परभणीचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो. एसी बंद पडलेल्या खोलीत एका वेळी खरेदी केलेल्या डिस्का एकापाठोपाठ जाऊ शकतात. मी तिथे रेड 6 च लावीन.

पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, आणि ही समजूत सगळ्यात महागात पडते. चुकून पुसलेली फाइल रेड इमानानं सगळीकडून पुसतं. रॅन्समवेअरनं कुलूपबंद केलेली फाइलही तितक्याच इमानानं जपतं. म्हणून प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात, शक्यतो नेटवर्कपासून तोडलेली. महिन्यातून एकदा तिच्यातली जुनी फाइल वेगळ्या मशीनवर उघडून पाहावी. उघडली नाही, तर बॅकअपच नाही असं धरून त्याच दिवशी नवी प्रत काढायला बसावं.