फुटबॉल क्लबचा कारभारी

फुटबॉलच्या सामन्याचे वृत्त आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा गोल कोणी केला, पंचांनी कोणाला मैदानाबाहेर काढले, प्रशिक्षक काय म्हणाले, हे सारे त्यात असते. पण ज्याने त्या गोल करणाऱ्याचा करारनामा लिहिला, त्याचे नोंदणीपत्र मुदतीच्या आत मिळवले, संघाची तिकिटे काढली, मैदानाचे भाडे ठरवले आणि महिनाअखेरीस सर्वांचे पगार होतील की नाही या काळजीत रात्र काढली, त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. त्याचे हुद्द्याचे नाव मात्र भारदस्त आहे : मुख्य कार्यकारी अधिकारी. मला त्यापेक्षा आपला जुना 'कारभारी' हा शब्दच अधिक चपखल वाटतो. गादी धन्याची, वहीखाते, तहनामे आणि पत्रव्यवहार कारभाऱ्याचा. फुटबॉल क्लबातही नेमके असेच असते. धन्याची हौस संपली की क्लबचे काय होते, यावरूनच कारभाऱ्याची खरी पारख होते.

हा पेशा आपल्याकडे फार जुना नाही. खेळ मात्र जुना आहे. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ साली स्थापन झाली. कूपरेजच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या सामने रंगले. पण त्या काळी क्लबचा कारभार मानद चिटणीस पाहत असे. दिवसा स्वतःची नोकरी, संध्याकाळी क्लब. पुढे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ आले. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे, संघाचा व्यवस्थापकही कंपनीचाच माणूस असे. उत्पन्न किती आणि खर्च किती, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नसे. ही व्यवस्था खेळाडूच्या घराला मोठा आधार देणारी होती, हे मान्य केलेच पाहिजे. तिचा एकच दोष होता. कंपनीच्या संचालकांच्या एका बैठकीत संघ जन्माला येत असे, आणि एका बैठकीत तो संपतही असे.

महिंद्रचा संघ १९६२ सालचा. पुढे 'महिंद्र युनायटेड' या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचे असे सांगून कंपनीने तो बंद केला. पुण्यात पिरामल घराण्याने २००७ साली 'पुणे एफ. सी.' काढला. त्याने मुलांसाठी अकादमी चालवली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला, आणि २०१५ मध्ये तोही मिटला. त्याची अकादमी 'एफ. सी. पुणे सिटी' या दुसऱ्या क्लबाने घेतली. तो क्लब २०१९ मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली, मग पगार थकले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, आणि २०२५ मध्ये ते बिऱ्हाड दिल्लीला गेले. भाडेकरूने खोल्या बदलाव्यात तसा हा प्रकार. यात ज्या पुणेकर मुलाने बालेवाडीच्या गॅलरीत बसून आपला संघ मानला, त्याने आता कोणाच्या नावाने ओरडायचे?

आता कारभाऱ्याच्या रोजच्या कामाकडे पाहू. त्याचा मुख्य भाग कागद हाच आहे. खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून दोनदाच, ठरावीक मुदतीत करता येते. परदेशी खेळाडू असेल, तर त्याच्या आधीच्या देशाच्या संघटनेकडून हस्तांतरणाचा दाखला यावा लागतो, आणि २०१० पासून हा सारा व्यवहार जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या संगणकीय यंत्रणेतूनच करावा लागतो. दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती तंतोतंत जुळली पाहिजे. एका बाजूने रक्कम एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरी लिहिली, किंवा एखादा दाखला जोडायचा राहिला, तर व्यवहार अडकतो. मुदत संपून गेली की लाखो रुपये खर्चून आणलेला खेळाडू पुढची मुदत उघडेपर्यंत गॅलरीत बसून राहतो. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवशी क्लबच्या कार्यालयात जी धावपळ उडते, ती आपल्याकडे परीक्षेचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी उडते तशीच असते. फरक फक्त दंडाच्या रकमेचा.

दुसरे मोठे काम परवान्याचे. आशियाई संघटनेने क्लबांसाठी परवाना पद्धत लागू केली आहे. तिच्यात पाच बाजू तपासल्या जातात : खेळ, मैदान व सोयी, कर्मचारी, कायदा आणि पैसा. वयोगटांचे संघ आहेत काय, प्रशिक्षकांजवळ योग्य प्रमाणपत्रे आहेत काय, डॉक्टर नेमला आहे काय, हिशेब तपासले आहेत काय, कोणाचे पगार थकले आहेत काय, हे सर्व कागदावर दाखवावे लागते. मैदान निकषांत बसत नसेल तर गाव सोडावे लागते. मुंबई सिटीला २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा 'घरचा' सामना पुण्याच्या बालेवाडीत खेळावा लागला.

या अटी कोरड्या वाटतात. पण डॉक्टरची अट कोरडी नाही, हे एका घटनेवरून कळते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोच्या ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि वाचला नाही. धेंपोने सामना २-० असा जिंकला, आणि त्याची दहा क्रमांकाची बंडी निवृत्त केली. मैदानावर वैद्यकीय मदत किती तत्पर होती, यावर तेव्हा देशभर चर्चा झाली. रुग्णवाहिका कोठे उभी राहील, तिच्यात काय काय असेल, हे सामन्याआधी पाहणे हे कारभाऱ्याच्या यादीतले एक कलम आहे. ते नीट पार पडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

धेंपोचे नाव आले म्हणून थोडे गोव्याकडे वळतो. आपल्या माणगाव स्थानकावर कोकण रेल्वेत बसले की मडगाव. मडगावला उतरले की फातोर्ड्याचे मैदान जवळच. अंतर इतके थोडे, पण फुटबॉलच्या दृष्टीने तो दुसराच मुलूख आहे. तेथे धेंपो, साळगावकर यांसारखी उद्योगपती घराणी क्लबच्या पाठीशी उभी राहिली. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा वर्षांत आय-लीगचे सहाही चषक गोव्यात गेले : धेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. त्याआधीच्या राष्ट्रीय लीगची दोन विजेतेपदे धरली तर धेंपोची पाच होतात. यामागे श्रीनिवास धेंपो यांचे पाठबळ आणि प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांची दीर्घ कारकीर्द होती. आपल्याकडे प्रशिक्षकाला दोन सामने हरल्यावर घरी पाठवण्याची घाई असते. धेंपोच्या कारभारात ती घाई नव्हती, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे अर्धे कारण तेच आहे.

तरीही गोव्याची ही इमारत टिकली नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. शहराशहरांचे नवे संघ, सिनेनट आणि क्रिकेटपटू मालक, दूरचित्रवाणीवर झगमगाट. जुन्या क्लबांना नव्या रचनेत वरचे स्थान मिळेना. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोने गोव्यापुरता खेळ चालू ठेवला, मुलांचे संघ चालू ठेवले, आणि २०२४ मध्ये खालच्या श्रेणीतून वर चढून तो पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला. मोठ्या संघाचे नाव उतरले तरी खालचे काम बंद पडले नाही, म्हणूनच परतणे शक्य झाले. महिंद्रच्या बाबतीत परतायला काही उरलेच नव्हते.

पगारी, शिकलेल्या कारभाऱ्याची पिढी याच सुमारास पुढे आली. श्री. मंदार ताम्हाणे यांचे उदाहरण घेऊ, आडनाव कोकणातलेच. बेंगळुरू एफ. सी. हा क्लब २०१३ साली जे. एस. डब्ल्यू. या उद्योगसमूहाने काढला. आपल्या जिल्ह्यातला डोलवीचा पोलाद कारखाना चालवणारा तोच हा समूह. पहिल्याच हंगामात क्लबाने आय-लीग जिंकली, आणि २०१६ मध्ये ए. एफ. सी. चषकाची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ताम्हाणे तेथे तांत्रिक प्रमुख होते, पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २०२३ मध्ये ते नॉर्थईस्ट युनायटेड या गुवाहाटीच्या क्लबात त्याच पदावर गेले. गेले ते कोठे, हे पाहण्यासारखे आहे. आदल्या हंगामात त्या संघाने वीसपैकी एकच सामना जिंकला होता आणि तो तळाला होता. २०२४ मध्ये त्याच क्लबाने ड्युरंड चषक जिंकला, त्याच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. २०२५ मध्ये तो राखलाही. मोरोक्कोचा अलाएद्दीन अजराई हा तेथे २०२४-२५ च्या लीगमध्ये तेवीस गोल करून गेला. गोल अर्थातच कारभाऱ्याने केले नाहीत. प्रशिक्षक हुआन पेद्रो बेनाली यांचे श्रेय त्यांचेच. परंतु कोणता प्रशिक्षक, कोणता खेळाडू, किती पैशांत आणि किती वर्षांसाठी, हे ठरवणाऱ्या टेबलाशी कारभारी बसलेला असतो.

मग कारभारी चांगला असला की क्लब तरला, असे समजायचे काय? तसे नाही. क्लबाला उत्पन्नाचे मार्ग मोजकेच : प्रायोजक, तिकिटे, लीगकडून मिळणारा वाटा आणि खेळाडू विकून येणारी रक्कम. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अफाट पैसा येतो, म्हणून तेथील हिशेब निराळे. आपल्याकडे तूट मालकाच्या खिशातून भरली जाते. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला होता. तो २०२५ च्या डिसेंबरात संपणार हे सर्वांना ठाऊक होते, पण नवा करार वेळेत झाला नाही आणि २०२५-२६ चा हंगाम नियोजित वेळी सुरूच होऊ शकला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू क्लबाने आपल्या मुख्य संघाचे व कर्मचाऱ्यांचे पगार स्थगित केल्याचे जाहीर केले. मुंबई सिटीमध्ये २०१९ साली पासष्ट टक्के भाग घेणाऱ्या मँचेस्टरच्या सिटी समूहाने २०२५ च्या अखेरीस तो सोडून दिला. उत्तम व्यवस्था असलेल्या क्लबांची ही गत. विलायतेतही हे घडते. १८८५ सालचा बरी हा क्लब मालकाला पैसे उभे करता आले नाहीत म्हणून २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आला. तेव्हा कारभाऱ्याचे कसब यात, की धन्याच्या पैशावर चालत असतानाच क्लबला स्वतःचे असे काही उत्पन्न लावून द्यायचे. ते उत्पन्न येते कोठून? माझे उत्तर असे की, ते मुलांपासून येते.

फिफाचा एक नियम आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात रक्कम घेऊन गेला, तर त्या रकमेचे पाच टक्के, त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीसमधील प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा, एखादा मुलगा ती पहिली चार वर्षे गावच्या क्लबात खेळला आणि पुढे कधी दोन कोटी रुपयांना परदेशी विकला गेला, तर गावच्या क्लबाचे एक टक्का म्हणजे दोन लाख रुपये होतात. शिवाय पहिला व्यावसायिक करार परदेशात झाला तर प्रशिक्षणाची भरपाई निराळी. हे वाटप करण्यासाठी २०२२ च्या नोव्हेंबरपासून फिफाने स्वतंत्र कार्यालयही चालू केले आहे. अट एकच : मुलगा त्या वर्षांत त्या क्लबात रीतसर नोंदलेला असला पाहिजे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा पेशा पाहावा काय, असे कोणी विचारील. स्वित्झर्लंडच्या एका क्रीडा-अभ्यास केंद्राने तीन देशांतील तीन विद्यापीठांसह २००० सालापासून चालवलेला 'फिफा मास्टर' हा अभ्यासक्रम आहे, लिव्हरपूल विद्यापीठात फुटबॉल उद्योगाचे शिक्षण मिळते. त्यांचा खर्च आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. पण पाया तेथे घातला जात नाही. करारातले कलम दोनदा वाचणे, मुद्देसूद पत्र लिहिणे, जमाखर्च मांडणे, भांडणाऱ्या दोन माणसांना एका खोलीत बसवणे, हे गुण इतिहास, अर्थशास्त्र आणि भाषा शिकणाऱ्यात असायला हरकत नाही.

आणि सुरुवात करायला म्हसळ्याबाहेर जायला नको. भातकापणीनंतर खाचरात चेंडू मागे धावणारी मुले आपल्याकडे आहेत. त्यांचे मंडळ रीतसर नोंदवावे, जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडून घ्यावे, प्रत्येक मुलाचे नाव, जन्मदाखला आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो आपल्याकडे खेळला, हे एका जाड वहीत आणि संगणकावरही लिहून ठेवावे. वही कोणाच्या घरी ठेवायची, हे पहिल्याच सभेत ठरवून घ्यावे. आपल्याकडची मंडळे फुटतात ती बहुधा त्यावरूनच.