भेंडवळचा घट आणि वेधशाळेचा अंदाज

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे एक गाव आहे. एरवी त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु अक्षय्य तृतीया आली की वऱ्हाड, खानदेशातील शेतकऱ्यांचे डोळे या गावाकडे लागतात. त्या दिवशी सायंकाळी शेतात घट मांडला जातो. भोवती वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये, मध्यभागी खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, करंजी असे पदार्थ ठेवण्यात येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळे किती भिजली, कोणते धान्य जागचे हलले, हे पाहून पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत वर्तविले जाते. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगण्यात येते.

या भाकितास शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. रात्रीच्या वाऱ्याने, मुंग्यांनी वा पाखरांनी हलविलेल्या दाण्यावरून पुढील चार महिन्यांचे आकाश कळत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तथापि, एवढे बोलून हात झटकणे पुरेसे नाही. शेकडो माणसे पहाटेच्या अंधारात तेथे का जमतात, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर असे की, घट चुकीचे का होईना, पण शेतकऱ्याच्या प्रश्नाला शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर देतो. कोणत्या महिन्यात पाऊस, कोणते पीक साधेल, हे तो सांगतो. सरकारी अंदाज मात्र ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ एवढ्यावर थांबलेला आढळतो.

वास्तविक या वाक्यातील ‘तुरळक’ हा शब्द मोघम नाही. हवामान खात्याच्या परिभाषेत त्याचा अर्थ, त्या विभागातील फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस, असा ठरलेला आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. पण हा अर्थ वाचकाला कोणी समजावून सांगितला आहे काय? शिवाय जिल्ह्यापुरता अंदाज दिला, तरी बुलढाण्याचा प्रश्न सुटत नाही. येथे एकाच जिल्ह्यात दोन हवामाने नांदतात. घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर वसले आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे पूर्णेच्या खोऱ्यात, काळ्या मातीच्या सपाटीवर भाजून निघतात. चिखलीचा मे आणि नांदुऱ्याचा मे सारखा नसतो. तेरा तालुक्यांना एकच आकडा देणे म्हणजे कोणालाच नेमके काही न सांगणे होय.

उष्णतेच्या बाबतीत तर हा दोष जिवावर बेततो. मैदानी प्रदेशात पारा 40 अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढला, किंवा थेट 45 अंशांना पोहोचला, म्हणजे उष्णतेची लाट समजली जाते. या मोजमापात हवेतील बाष्पाला स्थान नाही. नवतपा सरता सरता आणि मृगाच्या तोंडावर पारा दोन-चार अंशांनी उतरतो आणि सुटकेचा निःश्वास टाकला जातो. परंतु तेव्हाच हवेत ओल शिरू लागलेली असते. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. घरोघरचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व येथे लागू आहे. मे महिन्यात गारवा देणारा कूलर जूनमध्ये नुसती चिकचिक वाढवितो, हा अनुभव प्रत्येक वऱ्हाडी घराला आहे. जे कूलरचे होते, तेच शेतात पऱ्हाटीची लागवड करणाऱ्या मजुराच्या देहाचे होते. हवामान खात्याने 2023 पासून तापमान व आर्द्रता एकत्र धरणारा उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात देण्यास आरंभ केला, हे योग्यच झाले. तो बांधावरच्या मजुरापर्यंत पोहोचला पाहिजे.

हेच बाष्प आणि तापलेली जमीन मिळून वादळ उभे करतात. दुपारपर्यंत तापलेली हवा वर चढते, तीत अरबी समुद्र वा बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल मिसळते आणि तासा-दोन तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा गर्जन्मेघ तयार होतो. त्याचा विस्तार थोडा आणि आयुष्य अल्प. म्हणून एका शिवारात गारा पडतात आणि शेजारचे शिवार कोरडे राहते. अशा ढगाचा वेध आदल्या दिवशी नव्हे, तर रडारने तासाभरापूर्वीच नेमका घेता येतो. नागपूरचे रडार बुलढाण्यापासून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे इतक्या अंतरावर त्याला ढगाचा माथा दिसतो, पाया दिसत नाही.

भारतात नैसर्गिक आपत्तींतील सर्वाधिक बळी विजेचे असतात. दरवर्षी अडीच हजारांवर माणसे तिने जातात. त्यांत शेतात राबणारी, गुरे राखणारी माणसे फार. पाऊस आला म्हणून धुऱ्यावरच्या निंबाखाली उभे राहणे, हेच अनेकांचे अखेरचे कृत्य ठरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ ही भ्रमणध्वनीवरील सोय निर्माण केली आहे. पण शेतातल्या मजूर बाईच्या हाती तो भ्रमणध्वनी असेलच असे नाही.

साधने नाहीत, असेही नाही. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांच्या नोंदींची आठवण प्रामुख्याने पीकविम्याचा हिशेब करताना होते. म्हणजे नुकसान झाल्यावर. उलट, शेतकऱ्याला जिल्हा पातळीवर सल्ला देण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत स्थापन झालेले देशभरातील 199 कृषी हवामान कक्ष 2024 मध्ये बंद करण्यात आले. शेतकऱ्याला जवळचा वाटावा असा जाणकार काढून घ्यायचा आणि तो घटाकडे वळला म्हणून त्याला नावे ठेवायची, हा न्याय नव्हे.

करावयाचे फार अवघड नाही. घाटावरचा आणि घाटाखालचा अंदाज वेगळा द्यावा. मंडळाच्या केंद्रातील तापमान व आर्द्रता रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. विजेचा इशारा येताच मंदिराच्या वा मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून तो गावभर द्यावा. रोजगार हमीची व शेतीची कामे एप्रिल ते जून दुपारी बंद ठेवण्याचा दंडक पाळावा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, झाड सोडून पक्क्या घरात जावे, हे शाळेत मुलांना शिकवावे.

भेंडवळला घट मांडला जाईल, लोकही जमतील. ती गर्दी कमी व्हावी असे ज्यांना वाटते, त्यांनी टीकेपेक्षा स्पर्धा करावी. ज्या दिवशी सरकारी अंदाज शेतकऱ्याला त्याच्या शिवाराचे नाव घेऊन वेळेवर सावध करील, त्या दिवशी घट केवळ एक सण म्हणून उरेल.