उपकाराची फेड

एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने सरळ प्रश्न टाकला. म्हणाला, "सर, आपल्यावर ऋण आहे ते बाबासाहेबांचे. ज्या लोकांनी आपल्यासाठी कधी इकडची काडी तिकडे केली नाही, त्यांच्या स्वातंत्र्यावर गदा आली तर आपण रस्त्यावर का उतरायचे?" वर्गातील काहींनी माना डोलावल्या. प्रश्न प्रामाणिक होता. तो झटकून टाकणे मला जमले नाही.

मुळात कृतज्ञता या शब्दाकडे आपण थोडे संशयानेच पाहिले पाहिजे. गावगाड्याने हा शब्द आपल्याला ज्या अर्थाने शिकवला तो अर्थ घातक होता. महाराने चावडी झाडायची, सरकारी टपाल वाहायचे, मयताचा सांगावा घेऊन कोसच्या कोस चालायचे, मेलेले जनावर ओढायचे. आणि हाडकी-हाडवळ्याचा तुकडा, खळ्यावरचे बलुते व येसकर पाळीची भाकरी मिळाली की 'जोहार मायबाप' म्हणायचे. तो खरे तर श्रमाचा मोबदला होता, तोही अपुरा. पण त्याला नाव मिळाले उपकाराचे. मोबदल्याचा उपकार झाला की मागणारा हक्कदार राहत नाही, मिंधा होतो. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. मीठ कोणाच्या घामाचे, हे कोणी विचारले नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या मिंधेपणाच्या मुळावरच घाव घालण्यासाठी. वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी दिलेला इशारा नीट कळतो. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले जायचे होते. आयुष्य देशासाठी वेचणाऱ्या थोरांविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण त्या कृतज्ञतेलाही मर्यादा आहे, असे ते म्हणाले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला आयरिश नेता डॅनिएल ओ'कॉनेल याचा. माणसाने आपला सन्मान विकून आणि राष्ट्राने आपले स्वातंत्र्य देऊन कृतज्ञ राहू नये, असा त्या वचनाचा आशय. धर्मातील भक्ती आत्म्याला तारीलही, राजकारणातील भक्ती मात्र हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी पुढे बजावले. हे सांगणाऱ्या माणसाचीच आपण आज भक्ती करू लागलो आहोत, हा आपल्या चळवळीतला अवघड भाग आहे. असो.

ओ'कॉनेलचे वचन आपण भाषणांतून उद्धृत करतो, पण त्याची कहाणी फारशी सांगत नाही. १८२८ साली तो क्लेअर परगण्यातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. तो कॅथॉलिक. तेव्हाच्या शपथेमुळे कॅथॉलिकाला सभागृहात बसताच येत नसे. त्याला निवडून दिले ते चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन कसणाऱ्या गरीब मतदारांनी, जमीनदाराची मर्जी खफा होईल आणि जमीन जाईल हा धोका पत्करून. पुढल्याच वर्षी, १८२९ साली, कॅथॉलिकांना पार्लमेंटची दारे उघडली. पण त्याच वेळी दुसरा कायदा करून मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली. ज्यांनी दार उघडले त्यांचेच मत गेले. ओ'कॉनेल ते रोखू शकला नाही. एकाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्याच्या हक्कातून वसूल करण्याची ही सत्ताधाऱ्यांची जुनी रीत आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ती ओळखून ठेवावी. पुढे मात्र याच ओ'कॉनेलने अमेरिकेतील काळ्यांच्या गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला. त्याच्या चळवळीला अमेरिकेतील आयरिश लोकांकडून पैसा येई आणि त्यांतल्या अनेकांना ही भाषा रुचत नसे. तो तरी थांबला नाही. १८४५ साली डब्लिनला आलेल्या फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाने त्याचे भाषण ऐकले, त्याच्याबरोबर एका व्यासपीठावर उभा राहिला. या काळ्या माणसाने आयर्लंडसाठी आजवर काय केले, असे ओ'कॉनेलने विचारले नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. बोले भंडारी समाजाचे. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे स्पृश्य सहकारीही सोबत होते. त्यांच्याविषयी कृतज्ञता हवीच. पण ठरावाचे आभार मानून आपली माणसे घरी बसली असती तर? २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्याली, आणि मार खाऊन परतली. तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. न्यायालयाचा शेवटचा निकाल १९३७ साली लागला, दहा वर्षांनी.

त्याच १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात खोताच्या जाचाखाली भरडली जाणारी कुळे कोण होती? त्यांत महार होते, पण बहुसंख्या कुणबी व इतर स्पृश्य शेतकऱ्यांची. ज्या स्पृश्य समाजाने महाडला काठ्या उगारल्या, त्याच समाजातली ही माणसे. १० जानेवारी १९३८ रोजी या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, आणि त्याच्या पुढाऱ्यांत बाबासाहेब होते. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

मी हे सांगून थांबलो तेव्हा तो विद्यार्थी पुन्हा उठला. "पण सर, खोती गेल्यावर त्या कुळांनी आपल्या विहिरी आपल्याला उघडून दिल्या का?"

मी म्हणालो, "सगळीकडे नाही. पुष्कळ गावांत नाहीच. पण विधेयक मांडताना बाबासाहेबांनी त्यात तशी अट घातली नव्हती."

तो खाली बसला. त्याचे समाधान झाले असे मला वाटले नाही.