पोटातला गोळा आणि दीड मीटरची नळी

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या पेशंटच्या हातात एक छोटं यंत्र दिलेलं. दर साठ सेकंदांनी त्याने एकच गोष्ट नोंदवायची : आत्ता किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. टोरांटोतले डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, चालू असलेल्या १५४ जणांकडून असे आकडे गोळा केले. कुणाची तपासणी चार मिनिटांत आटोपली, कुणाची तासाहून जास्त चालली. नंतर प्रत्येकाला विचारलं, एकूण त्रास किती झाला?

जास्त वेळ पडून राहिला त्याला जास्त त्रास, असंच कुणीही म्हणेल. पण १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वेळेचा आणि आठवणीचा फारसा संबंधच लागला नाही. मनात उरल्या होत्या दोन गोष्टी : सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि अगदी शेवटची मिनिटं. मग याच गटाने ६८२ जणांवर आणखी एक प्रयोग केला. निम्म्या लोकांची तपासणी संपल्यावर नळी लगेच बाहेर न काढता तिचं टोक गुदाशयात तसंच, न हलवता, जास्तीत जास्त तीन मिनिटं ठेवलं. म्हणजे त्रास हिशेबाने थोडा वाढवलाच. तरी २००३ साली छापून आलेल्या निकालात या लोकांनी संपूर्ण अनुभवाला इतरांपेक्षा सौम्य ठरवलं होतं, कारण शेवट सौम्य झाला होता. पुढच्या काही वर्षांत पुन्हा तपासणीला येण्याचं प्रमाणही त्यांच्यात थोडं जास्त निघालं. मधल्या काळात, २००२ मध्ये, कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात ज्याची तपासणी ठरली आहे, त्याने हा प्रयोग ध्यानात ठेवावा असा आहे. कारण तारीख मिळाल्याचं कळलं रे कळलं, की साडू, शेजारी आणि ऑफिसातले वरिष्ठ आपापले किस्से घेऊन हजर होतात. ते खोटं बोलत नसतात. पण ते सांगत असतात ते त्यांच्या अर्ध्या तासातलं सर्वांत वाईट अर्धं मिनिट.

आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

मराठीत भीतीचा पत्ता पोटच आहे. पोटात धस्स होतं, खड्डा पडतो, कालवाकालव होते, आतडं पिळवटतं. शरीरशास्त्र या बाबतीत भाषेच्या मागून आलं. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, क्ष-किरणांचा शोध ताजा असताना, मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर पाहिली. मांजर बिथरली की लाटा थांबत. शांत झाली की पुन्हा सुरू होत. आज यामागची रसायनं माहीत आहेत. ताण आला की मेंदूतून सीआरएफ नावाचा संदेशवाहक सुटतो. तो जठराला थोपवतो आणि मोठ्या आतड्याला पळायला लावतो. परीक्षेच्या सकाळी घास घशाखाली उतरत नाही आणि संडासच्या फेऱ्या मात्र चालू राहतात, त्याचं कारण हे. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या अशा कोट्यवधी चेतापेशी आहेत. शिवाय मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतातंतूतली बहुतेक वाहतूक पोटाकडून मेंदूकडे होते. त्यामुळे ज्याच्या आतड्याला आधीच सूज आहे त्याची गंमत अशी, की घाबरणारा अवयव आणि तपासला जाणारा अवयव एकच. तपासणीच्या आदल्या आठवड्यात जुलाब वाढले म्हणजे आजार बळावला, असं लगेच समजायचं कारण नाही.

या भीतीचे तुकडे केले तर तीन निघतात : लाज, दुखणं आणि रिपोर्ट.

लाजेबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून ती सगळ्यात मोठी. ‘खालून दुर्बीण घालणार’ एवढं वाक्य घरात सांगतानाही आवाज खाली जातो. प्रत्यक्षात पेशंटच्या अंगावर चादर असते, बऱ्याच ठिकाणी मागे भोक असलेली कागदी पँट देतात, आणि खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष समोरच्या पडद्याकडे असतं. त्या लोकांनी त्या दिवशीची आठवी तपासणी हाती घेतलेली असते. लाज वाटून घेण्यासारखं यात किती आहे, हे जपानच्या अकिरा होरिउची या डॉक्टरांनी वेगळ्याच पद्धतीने दाखवून दिलं. त्यांनी बसल्या बसल्या, लहान मुलांसाठीची बारीक दुर्बीण वापरून, स्वतःची कोलोनोस्कोपी स्वतःच केली आणि त्यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. २०१८ मध्ये त्यांना त्याबद्दल ‘इग नोबेल’ हा आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा पुरस्कार मिळाला. कुणी अनुकरण करू नये, हे सांगायला नकोच.

दुखण्याकडे वळण्याआधी आदल्या रात्रीबद्दल बोलायला हवं, कारण तपासणी करून आलेल्या दहा जणांना विचारा, बहुतेक जण ‘ते पाणी प्यायचंच कठीण होतं’ असं म्हणतील. ओट्यावर दोन लिटरचा जग, त्यात विरघळवलेली पूड, खारट-गुळचट, किंचित तेलकट चव. हे औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षार. पूर्वी दोन-तीन दिवस नुसतं पातळ खायचं, एरंडेल प्यायचं आणि वर एनिमा, असा कार्यक्रम असे. १९८० मध्ये जॉन फोर्डट्रन आणि सहकाऱ्यांनी हे द्रावण पुढे आणलं. त्याचे मोठे रेणू आतड्यात शोषले जात नाहीत, ते पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी आतडं धुऊन थेट बाहेर येतं. एरंडेलासारखं ते आतड्याला डिवचत नाही. क्षारांचं प्रमाण असं बेतलेलं असतं की शरीरातलं मीठपाणीही फारसं ढळू नये.

पिण्याच्या युक्त्या साध्या आहेत. जग फ्रिजमध्ये थंड करावा. ग्लासाऐवजी स्ट्रॉ वापरावी, म्हणजे घोट जिभेच्या मागे पडतो. मधेमधे गाळलेलं लिंबू सरबत, नारळपाणी किंवा बिनदुधाचा चहा घ्यावा. अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार-सहा तास आधी, अशी विभागणी आता रूढ आहे. त्याने आतडं अधिक स्वच्छ होतं आणि जीवही कमी कंटाळतो. शेवटी बाहेर पडणारं पाणी सरबतासारखं पिवळसर, आरपार दिसणारं झालं की काम फत्ते.

इथे दोन खास मराठी घोटाळे होतात. पहिला कोकम सरबताचा. पातळ आहे, पोटाला थंड आहे, मग काय हरकत? हरकत रंगाची. लाल द्रव आतड्याच्या भिंतीवर रक्तासारखा दिसतो. दुसरा घोटाळा ‘उपाशी’ या शब्दाचा. डॉक्टर उपाशी राहा म्हणतात आणि घरातली आजी प्रेमाने साबुदाण्याची खिचडी टाकते, वर दाण्याचं कूट मुठीने. ते कूट, तसंच पेरू, अंजीर, टोमॅटो यांच्या बिया आणि तीळ दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस मऊ भात, गाळलेलं वरण, पांढरा पाव अशा बिनचोथ्याच्या जेवणावर काढायचे असतात. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण मळ काळा होऊन चिकटतो. मधुमेहाचं इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मूत्रपिंडाचा आजार यांबद्दल मात्र डॉक्टरांना आधीच विचारावं, शेजाऱ्याला नाही.

आता दुखणं. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची जाणीवच नसते. आजार ओळखण्यासाठी डॉक्टर चिमट्याने कणकण तुकडे उचलतात, दहा-बारा ठिकाणचेही, आणि पेशंटला त्याचा पत्ता लागत नाही. आतड्याला कळतो तो ताण : हवा भरली, नळीचा वेटोळा झाला, की कळ येते. डावीकडचं नागमोडी वळण ओलांडताना हे जास्त होतं. म्हणून तिथे नर्स पोटावर हात दाबून धरते किंवा कुशी बदलायला सांगतात. नळी बोटाहून जाड नसते. काही केंद्रांमध्ये हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरतात. तो पटकन शोषला जातो आणि नंतरची फुगलेल्या पोटाची तगमग वाचते. आतड्याला भोक पडण्याचा धोका नुसत्या तपासणीत हजारात एकापेक्षाही कमी.

आणि गुंगीचं इंजेक्शन बहुतेकदा असतं. काही ठिकाणी मिडाझोलॅम, काही ठिकाणी भूलतज्ज्ञ प्रोपोफॉल देतात. काय देणार, किती देणार, हे आधी मोकळेपणाने विचारता येतं. ‘मला फार भीती वाटते’ हे वाक्य सांगितलं तर तो उपद्रव नसतो, माहिती असते. हाँगकाँगमध्ये २००२ साली झालेल्या एका चाचणीत, गुंगीचा डोस स्वतः बटण दाबून घेण्याची सोय होती. कानाला गाणी लावलेल्यांनी ते बटण कमी वेळा दाबलं. सगळ्याच चाचण्यांत संगीताचा इतका उपयोग दिसलेला नाही. पण फोनमध्ये आवडती गाणी भरून न्यायला पैसे पडत नाहीत.

रिपोर्टची भीती युक्त्यांनी जात नाही. महिनोन् महिने आव आणि रक्त पडत असताना अनेक जण ‘मूळव्याध असेल’ म्हणून भिंतींवरच्या जाहिरातींच्या भरवशावर राहतात, त्यामागे हीच भीती असते. भारतात तर नुसत्या अंदाजावर औषध सुरू करणं जास्तच जोखमीचं. आतड्याला जुनाट सूज आणणारा क्रोन्सचा आजार आणि आतड्याचा क्षयरोग या दोघांनाही लहान आतड्याचा शेवटचा भाग आवडतो आणि दोन्ही दिसायलाही सारखे. क्षय औषधांनी बरा होतो. पण क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर दबलेला क्षय उसळतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा सुजेचा दुसरा आजार गुदाशयापासून सलग वर चढतो, क्रोन्स मधेमधे ठिगळांसारखा असतो. हे डोळ्यांनी पाहून आणि तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच ठरवावं लागतं, आणि तेव्हाही कधी कधी तज्ज्ञ एकमेकांकडे पाहतात. मळातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी सूज आहे की नाही ते सांगते. कशाची, ते सांगत नाही.

तुकड्यांचा निकाल यायला काही दिवस जातात. डोळ्यांना काय दिसलं ते मात्र डॉक्टर बहुतेक वेळा त्याच दिवशी सांगतात. पण मिडाझोलॅम नवी आठवण तयारच होऊ देत नाही. पेशंट समजूतदारपणे मान हलवतो आणि दहा मिनिटांत सगळं विसरतो. म्हणून सोबत कुणीतरी हवं : ऐकायला, लिहून घ्यायला आणि घरी न्यायला. त्या दिवशी स्कूटरला किल्ली लावायची नसते. सोबत गेलेल्यांचा अनुभव साधारण सारखाच असतो. चहा-बिस्किटं समोर येतात, पेशंट डोळे चोळत उठून बसतो आणि विचारतो, ‘कधी सुरू करणार?’ झालंसुद्धा म्हटल्यावर त्याला पटत नाही. रिक्षात बसल्यावर तो तेच पुन्हा विचारतो.